पन्नास फुटांच्या आतली छत्री

हुकूम इंग्रजीत आला होता. तो मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं, कारण कचेरीत फावल्या वेळी पुस्तक वाचताना सापडणारा माणूस मी एकटाच होतो, आणि आमच्या साहेबांच्या मते वाचणारा माणूस रिकामा असतो. भोर संस्थान विलीन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. रस्त्यांच्या खात्यात मी पूर्वीही कारकून होतो आणि विलीन झाल्यावरही कारकूनच राहिलो. राजा गेला, सरकार आलं, माझी खुर्ची तीच राहिली. तिचा एक पाय तेव्हाही हलत होता.

पहिली निवडणूक जवळ आली होती. हुकुमात म्हटलं होतं की प्रचाराचे फलक, पताका, चित्रं वगैरे सार्वजनिक रस्त्याच्या मध्यापासून पन्नास फुटांच्या आत लावू नयेत. मैलाचे दगड, पुलांचे कठडे, मोऱ्या आणि सरकारी झाडं यांवर तर मुळीच लावू नयेत. वाहन हाकणाराचं लक्ष वेधलं जाईल अशा रीतीने कुठेच लावू नयेत. लावलेले असल्यास मतदानाच्या दोन दिवस आधी खात्याच्या माणसांनी उतरवून कचेरीत जमा करावेत. शेवटच्या कलमात थोडा जोर होता: रस्त्याची निगा राखणाऱ्या ज्या मैलकुलीच्या हद्दीत असा फलक शिल्लक सापडेल त्याला कामावरून दूर करण्यात येईल. फलक लावणाऱ्याला काय करण्यात येईल, हे लिहायला वरचे लोक विसरले होते.

भाषांतर करताना मला लक्ष वेधण्याच्या कलमाचं नवल वाटलं. ज्याच्याकडे कुणाचंही लक्ष जाणार नाही असा फलक लावायला हरकत नव्हती. नसरापूरहून वेल्ह्याकडे दिवसाकाठी एसटीची एक गाडी जाई आणि तीही पावसाळ्यात बंद. तिचा ड्रायव्हर कायम उतारू शोधत रस्ता सोडून बांधांकडेच बघत असे. बाकी वाहतूक बैलगाड्यांची. त्या बैलांचं लक्ष वेधायचं तर फलकाला कडबा बांधावा लागला असता.

मी साहेबांना विचारलं, "वेल्ह्याच्या रस्त्याचा मध्य कुठला धरायचा?"

"मध्य म्हणजे मध्य," साहेब म्हणाले. "त्यात विचारण्यासारखं काय आहे?"

विचारण्यासारखं एवढंच होतं की त्या रस्त्याला कडा नव्हत्या. चाकोऱ्या होत्या, त्या दर पावसाळ्यानंतर जागा बदलत. शेवटी दोन ठळक चाकोऱ्यांच्या मधोमध मध्य आहे असं मीच ठरवलं आणि कागदावर तसं लिहून साहेबांची सही घेतली. सरकारी कामात एकदा सही झाली की रस्त्याला मध्य येतो.

आमच्या भागात मुख्य उमेदवार दोन होते. एक नसरापूरकडचे बागायतदार. त्यांच्या चार मालमोटारी होत्या आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना नातेवाइकांची शेतं होती. त्यांना शिडी हे चिन्ह मिळालं होतं. उमेदवाराला काय हवं असतं ते इतक्या सरळपणे सांगणारं दुसरं चिन्ह मी पुढे कधी पाहिलं नाही. दुसरे होते भोरच्या शाळेतले निवृत्त मास्तर. त्यांचं चिन्ह छत्री. मास्तर अंगाने वाळकुडे, दम्याचे, आणि माझ्यासारखेच वाचनालयाचं गिऱ्हाईक. मला हवं ते पुस्तक मास्तरांकडे असायचं किंवा त्यांना हवं ते माझ्याकडे, एवढाच आमचा संबंध.

मास्तर निवडणुकीला उभे राहिले ते वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या धनगरवाड्यांसाठी. डोंगरावर पाच-सहा वाडे होते. म्हशी, गाई, शेरडं आणि खोपटी. त्यांच्या वरचं रान सरकारने राखीव केलं होतं आणि पावसाळ्याआधी जनावरं रानातून काढा, अशी नोटीस आली होती. रान बंद झालं की जनावरं जगत नाहीत आणि जनावरं नसली की वाडा कशासाठी, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. संस्थानच्या काळात त्यांना चराईची परवानगी दिल्याचा एक जुना कागद होता. तो वाड्यावर कुणाला वाचता येत नव्हता. मास्तरांनी तो वाचून दाखवला, त्यावरून अर्ज लिहिले, आणि अर्जांना उत्तर येईना तेव्हा स्वतःच विधानसभेत जाऊन विचारावं असं त्यांच्या मनाने घेतलं. मी त्यांना म्हटलं होतं, "मास्तर, अर्जाला उत्तर न देणारे लोक तिथेही असतीलच की." ते म्हणाले, "असतील. पण तिथे ते खुर्चीवरून उठून जाऊ शकत नाहीत." त्या वेळी हे मला भाबडं वाटलं. आता मला ते तितकं भाबडं वाटत नाही, पण खरंही वाटत नाही.

वाड्यांवर छत्री कुणी वापरत नसे. पावसात घोंगडी किंवा इरलं. त्यामुळे मास्तरांच्या चिन्हाला तिथे सगळे अळंबी म्हणत आणि मास्तरांना अळंबीवाले मास्तर. मास्तरांना त्याचं वाईट वाटलं नाही. "उगवली म्हणजे झालं," ते म्हणत.

मतदानाच्या दोन दिवस आधी मी टेप घेऊन निघालो. नसरापूरला सातारच्या मोठ्या रस्त्यावर काम सोपं होतं. तिथे डांबर होतं, कडा होत्या. तिथे शिडीवाल्यांची एक कमानच उभी होती, थेट रस्त्यावर, दोन्ही खांब कडेला आणि माथा मध्यावर. पन्नास फुटांच्या आत असणं याहून जास्त शक्य नव्हतं. मी ती काढायला सांगणार इतक्यात साहेब जीपमधून आले. कमानीवर 'सुस्वागतम्' लिहिलेलं होतं आणि मध्ये शिडी लटकत होती.

"हा प्रचार नाही," साहेब म्हणाले. "हे स्वागत आहे. पाहुणे येणार आहेत परवा."

"परवा मतदान आहे, साहेब."

"म्हणून पाहुणे येऊ नयेत असं हुकुमात लिहिलंय का?"

लिहिलेलं नव्हतं, भाषांतर मीच केलं होतं. साहेबांनी शिडी तेवढी खाली उतरवायला लावली. ती उतरवली आणि कमानीच्या खांबाला टेकवून ठेवली. मी हुकुमाची प्रत घडी करून खिशात घातली आणि वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो.

त्या रस्त्यावर प्रत्येक दोन मैलांना एक मैलकुली असे. खड्डे भरायचे, चर साफ ठेवायचे, माती-मुरूम पसरायचा, हे त्याचं काम. पालीच्या फाट्याच्या अलीकडचे दोन मैल ज्याच्याकडे होते तो वरच्या वाड्याचाच धनगर. म्हाताऱ्या बापाचा एकुलता एक मुलगा. जनावरं सोडून नोकरीला लागलेला वाड्यावरचा तो पहिला माणूस, आणि बापाला त्याचा अभिमान होता की राग, हे मला कधी नीट कळलं नाही. माणूस कामाला चोख. त्याच्या दोन मैलांत खड्डा शोधायला साहेबांना जीपमधून उतरावं लागे, आणि ते उतरत नसत.

मी हुकूम वाचून दाखवला. शेवटचं कलम दोनदा वाचलं. तो फावड्यावर हात ठेवून ऐकत होता.

"काडून टाकतील म्हंजी मला?"

"तुझ्या हद्दीत फलक राहिला तर."

"मंग काडू या की," तो म्हणाला, आणि जरा वेळाने म्हणाला, "पर भाऊसाहेब, हितल्या अळंब्या म्याच ठोकल्यात्या."

"हे मी ऐकलं नाही," मी म्हणालो.

"व्हय. म्याबी बोललो न्हाई."

आम्ही मोजायला लागलो. टेपचं एक टोक त्याने चाकोऱ्यांच्या मध्यावर धरायचं, दुसरं घेऊन मी फलकाकडे चालायचं. पहिली छत्री एकोणीस फुटांवर. मास्तरांनी बांबूच्या तट्ट्यावर स्वतःच्या हाताने गेरू आणि काजळीने काढलेली, दांडा जरा वाकडा. दुसरी चोवीसवर. तिसरी मैलाच्या दगडाला टेकवलेली. चौथी सरकारी आंब्याला सुतळीने बांधलेली, खिळा न मारता. झाडाला जखम नको म्हणून मास्तरांनी तशी ताकीद दिली होती म्हणे. रस्त्याची सरकारी हद्द तीसेक फुटांवर संपत होती. पुढे बांध आणि शेतं. शेतं शिडीवाल्यांच्या सोयऱ्यांची. म्हणजे मास्तरांनी कायदा पाळायचा ठरवलं असतं तर छत्री उभी करायला जागा उरत होती ती फक्त विरोधकाच्या शेतात. ते तिथेही विचारून आले होते. "मास्तर, तुमी मानूस द्येवावानी," एका शेतकऱ्याने सांगितलं होतं, "पर ऊस त्येंच्या मोटारीतनं जातो."

आणि शिड्या? शिड्याही मोजल्या. हुकुमात कसूर करणारा मी नव्हे. एकूण एक शिडी बांधाच्या आत, साठ, सत्तर, ऐंशी फुटांवर, दोन पुरुष उंचीच्या लाकडी चौकटींवर, तेलरंगात. मैलभरावरून दिसत होत्या, पण लक्ष वेधणं टेपने मोजता येत नव्हतं. नियमाबाहेर एकही शिडी सापडली नाही. नियम दोघांना सारखाच होता. मी तो दोघांना सारखाच लावला. त्या दिवशी संध्याकाळी रस्त्यावर एक छत्री उरली नाही आणि एक शिडी हलली नाही. माझ्या आयुष्यात मी इतकं निःपक्षपाती काम दुसरं केलेलं नाही.

तट्टे गाडीत टाकताना मैलकुलीने विचारलं, "मास्तरांचं काय चुकलं, भाऊसाहेब?"

"काही चुकलं नाही. हुकूम आहे."

त्याने मान डोलावली. मला वाटलं, कळलं त्याला. आणि त्याला कळलंही होतं, पण मी सांगितलं ते नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत न मावलेले तट्टे न्यायला पुन्हा गेलो तेव्हा मास्तर पालीच्या फाट्यावर सायकल धरून उभे होते. चढाने त्यांना धाप लागली होती. मला वाटलं, आता भांडतील. पण ते भांडले नाहीत. गाडीतल्या तट्ट्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "दांडा सगळ्यांचाच वाकडा आलाय. चित्रकलेचा तास मी कायम दुसऱ्याला देत होतो."

मी तट्ट्यांवरची सुतळी आवळली.

"एक काम करा," ते म्हणाले. "वाड्यांवर निरोप द्या. एवढंच सांगा की पाट्या काढल्यात, मला काढलेलं नाही."

"म्हणजे?"

"तुम्हाला आठवत नाही? संस्थानात जंगलाचा एक मक्तेदार होता. त्याची पाटी याच फाट्यावर होती. ती उतरवायला कोण आलं होतं?"

मला आठवलं. मीच आलो होतो. मक्तेदाराने भलतीच झाडं तोडली म्हणून दरबाराने त्याचा मक्ता रद्द केला होता. मी शिपाई घेऊन आलो, पंचनामा केला, पाटी उतरवली, गाडीत टाकली. मक्तेदार पुन्हा त्या खोऱ्यात दिसला नाही. त्याच्याआधी एका पाटलाचं असंच झालं होतं आणि दारूच्या दुकानाचंही.

"ती माणसं लिहिलेलं वाचत नाहीत," मास्तर म्हणाले. "सरकारी माणूस येतो, मोजतो, पाटी गाडीत घालतो, हे त्यांना वाचता येतं. काल तुम्ही माझ्या सगळ्या पाट्या काढल्यात. शिडीच्या तशाच उभ्या आहेत. वरून त्यांना स्पष्ट दिसतं. ते काय समजले असतील सांगा."

"तुम्ही स्वतः जाऊन सांगा, मास्तर."

"काल निघालो होतो. एकाही वाड्यापर्यंत पोचलो नाही. अर्ध्या चढावर बसलो तो मला दोन माणसांनी धरून खाली आणलं." त्यांनी श्वास घेतला. "आणि आता प्रचाराची मुदतही संपली. मी जाऊन बोललो तर तो गुन्हा. तुम्ही नुसता खुलासा करायचाय. तुमच्याच हुकुमाचा."

मी जे उत्तर दिलं ते माझ्या भाषांतराइतकंच अचूक होतं. "मी सरकारी नोकर आहे, मास्तर. एका उमेदवाराविषयी मतदारांशी बोलायला मला मनाई आहे."

"पाट्या काढताना तुम्ही बोललातच की. न बोलता."

"तो हुकूम होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. शाळेत एखाद्या मुलाने उदाहरणाची रीत बरोबर आणि उत्तर चूक आणल्यावर बघावं तसं. मग सायकलचं तोंड वळवून ते उतारावर लागले. मी मैलकुलीकडे पाहिलं. तो चर साफ करत होता. आमचं सगळं बोलणं त्याला ऐकू जाईल इतक्या अंतरावर. पण आम्ही पुस्तकी मराठीत बोलत होतो, आणि मोठी माणसं आपसात बोलत असताना ऐकायचं नसतं अशी त्याला सवय लावण्यात आमच्या खात्याचा पुष्कळ वाटा होता. मी तिथल्या तिथे त्याला म्हणू शकलो असतो: अरे, वाड्यावर सांग, मास्तर उभे आहेत. पाच-सहा शब्द. मी म्हणालो, "तो तिकडचा तट्टा राहिला."

मतदानाच्या दिवशी मला खोऱ्यातल्या एका शाळेत नेमलं होतं. माझं काम मतदाराच्या बोटाला शाई लावायचं. आतल्या खोलीत पडद्यामागे उमेदवारांच्या पेट्या ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. आपल्या माणसाच्या पेटीत मतपत्रिका टाकायची, झालं. केंद्राचे प्रमुख पुण्याहून आलेले, कोटातले, नियमांचं छापील पुस्तक सारखं हाताशी ठेवणारे. गैर वागणारे नव्हते. आमच्यात गैर वागणारं कुणीच नव्हतं.

दुपारी बारा-एकच्या सुमाराला वाड्यांवरची माणसं आली. एकदमच आली, पुरुष पुढे, बायका मागे, सगळ्यांच्या पुढे मैलकुलीचा बाप. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, पायांत नव्या वहाणा. मतदानासाठी घातलेल्या असाव्यात, कारण चालताना त्यांची त्याला लाज वाटत होती. मी त्याच्या बोटाला शाई लावली. तो ओळखीचं हसला.

"मुलगा कामावर?" मी विचारलं. एवढं विचारायला मनाई नव्हती.

"रस्त्यावं हाय. त्येला कुटली सुट्टी."

तो पडद्यामागे गेला. बराच वेळ आला नाही. प्रमुख खुर्चीत चुळबुळ करायला लागले. मग तो बाहेर आला, थेट प्रमुखांच्या टेबलासमोर उभा राहिला आणि दोन्ही हात जोडून, सरकारची एखादी वस्तू सांडलेली सापडावी आणि ती परत करायला यावं, तशा अदबीने म्हणाला:

"सायेब, आत अळंबीवाल्या मास्तरांची पेटी ऱ्हायलीया. काडायची इसरली जनू."

त्याच्या मागे रांगेत वीस-बावीस माणसं होती आणि सगळ्यांनी ते ऐकलं होतं.

"कुठल्याही उमेदवाराविषयी इथे बोलायचं नाही!" प्रमुख म्हणाले. "मत टाकलंत ना? बाहेर व्हा."

"टाकलं की. शिडीत टाकलं. पर म्हटलं, सांगावं. मागनं बायामान्सं हायती, येकादी चुकून त्यात टाकंल, तर फुकट जाईल."

"अहो, बाहेर व्हा म्हणतो ना!"

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. वाड्यांवर मला सगळे ओळखत. मी सरकारचा त्यांच्याकडे वळलेला चेहरा होतो. त्या नजरेचा अर्थ साधा होता: भाऊसाहेब, तुमी तरी सांगा ह्यास्नी, तुमीच काडला न्हवं त्याला. माझ्या हातात शाईत बुडवलेली काडी होती. रांगेतला पुढचा माणूस बोट पुढे करून उभा होता. मी त्याच्या बोटाला शाई लावली.

मागच्या बायकांत एक कुजबुजली, "अळंबीत न्हाई गं, रद झालीया." दुसरी म्हणाली, "ठावं हाय मला, काय आंधळी न्हाई म्या." आणि एकामागून एक सगळी माणसं आत जाऊन, चूक होऊ न देता, मत टाकून बाहेर आली.

शिडीवाले निवडून आले. वाड्यांची मतं मास्तरांना पडली असती तरी शिडीवालेच आले असते की नाही, हे मला ठाऊक नाही. बहुतेक आले असते. हा विचार मी बरीच वर्षं औषधासारखा वापरला आहे. पण नुकसान झालं ते निकालात नव्हे. मास्तरांनी हरल्यावरही अर्जांचा पाठपुरावा सोडला नाही. आता ते कुणीच नव्हते, म्हणून त्यांनी अर्ज निवडून आलेल्या बागायतदारांकडे नेला आणि तुम्हीच वाड्यांचं म्हणणं मांडा म्हणाले. मी तेव्हा खात्याच्या कामाने त्यांच्याच बंगल्यावर बसलो होतो, कारण स्वागताची तीच कमान आता पक्की बांधायची चालली होती. बागायतदारांनी मास्तरांना चहा दिला. बोलणं गोड.

"मास्तर, तुमचा गैरसमज होतोय. त्या लोकांची काही तक्रार नाही. अहो, तिथली सगळी मतं मला पडली आहेत. तुम्हाला एक नाही. तक्रार असती तर त्यांनी तुम्हाला दिली नसती का?"

मास्तरांकडे याला उत्तर होतं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याचं कारण यांना विचारा."

बागायतदार हसत माझ्याकडे वळले. आता मनाई नव्हती. निवडणूक संपली होती, हुकुमाची मुदत संपली होती, भिंतीवर फक्त कॅलेंडर होतं. मी म्हणालो की लोकांचा काही गैरसमज झाला असावा, असं मास्तरांना वाटतं. 'मास्तरांना वाटतं' हे शब्द मी घातले. सरकारी टिपणात असे शब्द घालायची मला सवय होती; त्याने वाक्य लिहिणाऱ्याच्या अंगावरून उतरतं. बागायतदारांनी मान हलवली आणि दुसऱ्या विषयाकडे वळले. अर्जावर शेरा पडला: संबंधितांची तक्रार दिसत नाही. मास्तर घरी गेले. पुढच्या निवडणुकीला ते उभे राहिले नाहीत. तेव्हाचा हुकूम एक पान जास्त लांब होता.

वैशाखात वाडे उतरले. नोटिशीची मुदत तेव्हा संपत होती. मी त्या दिवशी पालीच्या फाट्यापाशी मोरीचं मोजमाप घेत होतो. खाली कुठे तरी, नदीच्या अंगाला, कुणाच्या पडीक जमिनीवर त्यांना राहू देणार होते. अर्धी जनावरं आधीच विकून झाली होती. उरलेली रस्त्यावर आली तेव्हा समोरून एसटी येत होती. मैलकुली आपल्या लाल फडक्याचं निशाण घेऊन रस्त्याच्या मध्यावर उभा राहिला आणि त्याने गाडी थांबवली. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला.

"अरे, सोड की! जनावरं काय, जातील कडेनं!"

"थांबा जरा," मैलकुली म्हणाला. "आमची हायती."

म्हशी गेल्या, शेरडं गेली, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका गेल्या. शेवटी म्हातारा. तो मुलापाशी थांबला. मला वाटलं होतं की तो त्याला शिव्या देईल, किंवा मला.

"काय रं," तो म्हणाला, "त्या दिशी तुला इचारलं व्हतं, मास्तरांना सरकारनं काडलं का. तू व्हय म्हनलास."

"मला ठावं नव्हतं, आबा."

"भाऊसाहेबांस्नी इचारायचं व्हतंस."

"इचारलं व्हतं."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी टेप गुंडाळत होतो. तो गुंडाळायला फार वेळ लागला.

"बरं," तो मुलाला म्हणाला. "तुजी नोकरी हाय न्हवं? संबाळ." आणि तो जनावरांच्या मागे चालू लागला. मुलाने निशाण खाली केलं, गाडी गेली, धूळ बसली.

मग मैलकुलीने टोपली आणि फावडं उचललं. रस्त्यावर जागोजाग शेण पडलं होतं. ते उचलून हद्दीबाहेर टाकायचं, हाही खात्याचा नियमच होता. मी त्याला म्हणालो, "राहू दे आज." त्याने ऐकलं नसावं, किंवा माझ्याकडून काही ऐकायचं नाही असं ठरवलं असावं. कळप गेला त्या दिशेने तो एकेक पो उचलत पुढे सरकत राहिला, आपल्या दोन मैलांची हद्द संपेपर्यंत. तिथून पुढचा रस्ता दुसऱ्याचा होता.